कवडीचे टाके

काशिराम कोळी भित्रा माणूस नव्हे. पनवेलच्या खाडीत चाळीस वर्षं होडी घातली, दोनदा बुडता बुडता वाचला, आणि तेही हसत हसत सांगायचा. पण त्या दुपारी अंगणातून कवडीची किंकाळी आली आणि तो घाबरून अनवाणीच धावला. मुंगसाने तिचा गळा धरला होता. हाताला लागलेलं वल्हं त्याने फेकून मारलं, तेव्हा कुठे मुंगूस कुंपणाखालून पळालं.

कवडी ही त्याच्या बायकोची, गंगाबाईची कोंबडी. शिमग्याच्या सुमारास गंगाबाईची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जिच्या तोंडाला सगळा मासळीबाजार टरकून असायचा, तिच्याजवळ आता एकच शब्द उरला होता: "ये." तोही ती फक्त कवडीला म्हणायची, आणि कवडी धावत येऊन तिच्या उशाशी बसायची. कोंबडी गेली तर हा शब्दही जाईल, अशी धास्ती काशिरामने घेतली होती. नवऱ्याला तिने 'ये' म्हटलं नाही ते नाहीच, पण त्याची त्याला तक्रार नव्हती.

कवडीच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी फाटली होती. सकाळचा भात रक्तात कालवून बाहेर येत होता. गुरांच्या डॉक्टर निरीत यांना फोन लावला, तर त्या आपटा गावात, अडलेल्या गाईपाशी.

"काका, मला दोन तास लागतील. तेवढा वेळ ती काढणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही जाळी विणता ना? मग तुम्हीच शिवा. उकळलेल्या पाण्यात मीठ घालून जखम धुवा. सुई-दोरा उकळून घ्या. आधी आतली पिशवी, मग वरची कातडी. पिशवी शिवली की चमचाभर पाणी पाजून बघा."

"बाई, जाल्याला जीव नसतो."

"माहीत आहे. पण तिथे दुसरं कोण आहे?"

कोणीच नव्हतं. त्याने कवडीला जुन्या लुगड्यात गुंडाळून गंगाबाईच्या खाटेवर ठेवलं. "गंगे, धर. हलू नको देऊ तिला." गंगाबाईने डाव्या हाताने कोंबडी दाबून धरली.

जखम धुऊन काशिरामने पिशवीला झरझर टाके घातले, सारख्या अंतराचे, देखणे. मग चमच्याने पाणी पाजलं. सगळं पाणी टाक्यांमधून बाहेर आलं.

जाळं विणायचं ते पाणी निघून जावं म्हणून, आणि जन्मभर हाताला तेच वळण. कवडीचे डोळे मिटायला लागले होते. त्याने टाके कापले, पुन्हा सुई घातली. हात आपोआप तेवढंच अंतर सोडत होता. त्याला स्वतःच्याच बोटांचा राग आला.

"आवल."

त्याने मान वर केली. गंगाबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर दोऱ्यावर होती.

"आवल," ती पुन्हा म्हणाली, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दटावावं तशी.

त्याने दोरा आवळला. पुढचा टाका आधीच्याला चिकटून घातला. "आवल." आणखी एक. "आवल." दर टाक्याला ती बोलत होती, आणि थांबला तर ती गप्प होईल या भीतीने तो शिवत होता. डोळे भरून आल्याने सुई धड दिसेना, तरी पुसायला हात मोकळा नव्हता. अकरा टाके झाले. चमचाभर पाणी पाजलं. दोघंही श्वास रोखून बघत राहिली. पाणी आतच राहिलं. मग त्याने वरची कातडी शिवली.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, जखम निरखली. "तीन दिवस जपा. पण शिवण पक्की आहे. हात छान आहे हं तुमचा, काका."

"हात माजा हाय," काशिराम म्हणाला. "पण आवलून घेतली ती इनं. बोलली ती, बाई. माजी गंगा बोलली."

एवढं बोलून तो डॉक्टरांदेखत ढसाढसा रडायला लागला.

"गप," गंगाबाई म्हणाली.