पत्रा की स्लॅब

आपलं माळवद दर पावसाळ्यात गळू लागलं, तेव्हा ते उतरवायचं ठरलं. माळवद म्हणजे लाकडांवर माती थापून केलेलं सपाट छत. तुम्ही त्यावर रांगला आहात. मी कागदावर पत्रा आणि स्लॅब असे दोन रकाने आखले. पत्रा लवकर बसतो, भिंतींवर भार कमी पडतो. तुमचे आजोबा म्हणाले, "पत्राच घेऊ." मीही त्यावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. "बाई, उतरत्या पत्र्यावर कुरडया कशा घालायच्या? आमच्या समद्यांच्या घरावर पत्रंच हायती."

उन्हाळ्यात अख्खी गल्ली आपल्याच माळवदावर कुरडया वाळवते, हे माझ्या रकान्यांत कुठंच नव्हतं.

गवंड्यानं भिंती ठोकून पाहिल्या. कोपऱ्यांत खांब घेतले तर स्लॅब पेलेल, म्हणाला. मी खूण खोडली. आजोबा हसले. "आता जिना कुठं घ्यायचा, तेही गल्लीलाच विचार."

मी खरंच विचारलं. काकू म्हणाल्या, "बाहेरून घ्या, म्हंजी आमच्या येण्याजाण्यानं तुमची दुपारची झोप मोडायची न्हाय."

जिना बाहेरूनच आहे. तुम्हाला पाठवलेल्या या डब्यातल्या कुरडया त्या स्लॅबवर वाळल्या आहेत. निम्म्या काकूंच्या आहेत.