झुंबरचा फळा आणि उलटा व्हॉल्व

तर दिग्विजयने खडू पुढे धरला आणि झुंबरने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, इथवर काल सांगून झालं होतं. मग चहा आला आणि बोलणं माझ्या गुडघ्यावर घसरलं. आज गुडघ्याचं नाव काढायचं नाही.

काल जे ओटीवर नव्हते त्यांच्यासाठी थोडा मागे जातो. आमचं चिंचशेत पाम गावाच्या अलीकडे, बोईसरहून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. गावाचे तीन भाग. जुनी आळी, जिथे आम्ही बागायतवाले पिढ्यान्‌पिढ्या राहतो. वरची वाडी. आणि उतारावर खाली कामगारांची चाळ, जिथे बीड, सोलापूर, जळगाव, सगळा महाराष्ट्र एका भिंतीला भिंत लावून राहतो. तिन्ही भागांना पाणी एकाच टाकीतून जातं. टाकीखालच्या खड्ड्यात व्हॉल्व आहेत आणि ते लांब लोखंडी चावीने फिरवावे लागतात. ती चावी अकरा वर्षं झुंबरच्या खांद्यावर होती. दिग्विजय म्हणजे ग्रामपंचायतीचा उपसरपंच. वय पस्तीस, शर्ट कायम पांढरा.

झुंबर मूळचा बीडकडचा, आष्टी तालुक्यातला. तारापूरच्या एका कारखान्यात सूत रंगवायला म्हणून आला. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे गावी परतले, हा राहिला. ग्रामपंचायतीने त्याला पाणी सोडायला ठेवलं, दर वर्षी नव्या कागदावर. पहिल्याच महिन्यात हा माणूस प्राथमिक शाळेच्या मागे पडलेला फळा डोक्यावर घेऊन टाकीकडे चाललेला मी पाहिला. शाळेत नवा पांढरा बोर्ड आला होता आणि जुना काळा फळा कोंबड्यांच्या ताब्यात गेला होता.

मी विचारलं, "झुंबर, शाळा काढतोस काय?"

"तात्या," तो म्हणाला, "आमच्या गावाला टँकर यायचा. कधी यायचा ते कुनी सांगायचं नाय. आई हंडे घिऊन रस्त्याला बसायची, तीन-तीन दिवस. एकदा भावकीत मयत झाली म्हनून घटकाभर उठली, तर टँकर येऊन गेला. पानी कमी होतं त्याचं काय नव्हतं मला. कुनी सांगत नव्हतं, त्याचा राग यायचा."

फळा टाकीच्या खांबाला बांधला गेला. रोज सकाळी त्यावर झुंबरच्या थोराड अक्षरात सगळं असायचं. पाणी किती वाजता. लाइट कधी जाणार. नर्सबाई कुठल्या वारी लस टोचायला येणार, तलाठी कधी बसणार, रेशनचे तांदूळ आले की नाही. कोळगावला जिल्ह्याच्या ऑफिसात कुठलं काम कुठल्या मजल्यावर होतं, तेसुद्धा त्याने एकदा स्वतः जाऊन, जिने चढून, लिहून आणलं होतं. गावाचा मोबाइलवर ग्रुप आहे, नाही असं नाही. पण त्यात दीडशे जण फुलांचे फोटो टाकतात आणि पाण्याची बातमी फुलांखाली जाते. फळ्यावर फुलं टाकता येत नाहीत.

आता खरी गंमत. झुंबर नुसती वेळ लिहायचा नाही, चावीचे आटे लिहायचा. आळी चौदा आटे, वाडी चौदा आटे, चाळ चौदा आटे. म्हणजे व्हॉल्व किती फिरवला ते सगळ्यांसमोर. ज्याला शंका असेल त्याने सहा वाजता यावं आणि मोजावं. सुरुवातीला खरंच मोजायला यायचे. मी पण गेलोय. चौदा म्हणजे चौदा. पुढे पुढे गावाला अशी सवय लागली की नळ बारीक आला की बायका म्हणायच्या, आज झुंबरचे दोन आटे कुठे गेले? आणि फळ्याच्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटने एक ओळ कायमची होती: "चाळीचा व्हॉल्व उलटा." तिचं कारण सांगतो. दुसऱ्याच वर्षी चाळीचा व्हॉल्व मोडला. पंचायत म्हणाली, पुढच्या बजेटात बघू. झुंबर एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडे गेला आणि कुठल्याशा बंद शेडमधून निघालेला एक दणकट व्हॉल्व उचलून आणला. बसवल्यावर कळलं की साऱ्या जगाच्या चाव्या डावीकडे फिरल्या की पाणी सुटतं आणि इथे उजवीकडे फिरली की सुटतं. त्याने कोपऱ्यात लिहून टाकलं आणि आम्ही सगळे ते विसरलो. रोज डोळ्यांसमोर असलेलं कोण वाचतो?

आता खडूकडे येऊ. वरच्या वाडीच्या अंगाला चढावर चार मजली टॉवर उभा राहिला होता. बांधणारा दिग्विजयचा मेव्हणा. लोकांना घराच्या चाव्या द्यायची तारीख ठरली आणि मग लक्षात आलं की नळ आहेत, पाणी नाही. जोडणी गुपचूप झाली, चौथा व्हॉल्व बसला. पाणी मात्र टाकीत होतं तेवढंच. तेव्हा उपसरपंचांनी ठरवलं की आठ दिवस चाळीचं पाणी तिकडे वळवायचं.

"लिहा काका," दिग्विजय म्हणाला. "पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे चाळीला आठ दिवस पाणी येणार नाही."

"दुरुस्ती कुठं चालली हाय? खड्डा दाखवा, लगेच लिहितो."

"अहो, लिहायची पद्धत असते एक."

"मग खरं ते लिहितो. चाळीचं पानी टॉवरला दिलं, हुकूम तोंडी."

दिग्विजय हसला. माणूस वाईट नाही, हसून घेतो. "काका, टॉवरमध्ये राहायला येणारी पण माणसंच ना?"

"मानसंच की. त्यांचं नाव ग्रामसभेत घ्या, ठराव करा. सगळ्यांचे तीन-तीन आटे कमी करू. आळी अकरा, वाडी अकरा, चाळ अकरा, टॉवर अकरा. उद्यापासून सोडतो. पन चाळीतली बाई फळा वाचून आठ दिवस हंडा पालथा घालनार, अन् वर नळ वाहनार, ते माज्या अक्षरात नाय."

त्याच दुपारी झुंबरच्या हातात नोटीस पडली. आदेश पाळला नाही, तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर काम संपलं. चावी काढून घेतली आणि कुंदन नावाच्या प्लंबरला दिली. कुंदन बोईसरचा, गरीब मुलगा, हात चांगला, पण आमच्या खड्ड्यात कधी उतरला नव्हता. आणि दिग्विजयने आणखी एक काम केलं. उपसरपंचांची सूचना लागणार, फळा मळका दिसतो, म्हणून रातोरात त्याला काळाभोर रंग मारून घेतला. कोपऱ्यासकट.

त्या संध्याकाळी झुंबर माझ्या ओटीवर येऊन बसला. मी गावातले अर्धे अर्ज लिहिलेले आहेत. कागद घेतला आणि हात आपोआप चालू लागला: "माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, तरी उदार मनाने..."

"थांबा," झुंबर म्हणाला. "काय चूक झाली?"

"अरे, असं लिहायची रीत असते."

"म्हंजे तुमीबी दिग्विजयभाऊच्याच शाळेतले."

मी कागद फाडला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चोपन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? कारखान्यात तर गेटवरच वय विचारतात. त्याची बायको चाळीतच दोघांची भाकरी थापत होती आणि तिलाही हेच वाटत होतं. पण तिने तोंड उघडलं नाही, मी उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुंदन खड्ड्यात उतरला. नव्याकोऱ्या फळ्यावर छान वळणदार अक्षरात दुरुस्तीची सूचना लागलेली. कुंदनने टॉवरचा व्हॉल्व डावीकडे चौदा आटे उघडला, बरोबर केलं. मग चाळीचा बंद करायला चावी उजवीकडे फिरवली. फिरतेय म्हणून फिरवत गेला. चौदा झाले, वीस झाले, पुढे अडली. घट्ट बंद झाला असं समजून घाम पुसला आणि घरी गेला.

अकरा वर्षांत चाळीने असं पाणी बघितलं नव्हतं. टाकी सगळी उताराने खाली गेली. सात वाजता चाळीत गोधड्या धुवायला निघाल्या. आठला जिने. नऊ वाजता कुणीतरी रिक्षा धुतली. आणि वर टॉवरात पहिल्या घराची वास्तुशांत, भटजी पाट मांडून बसलेले, नळ उघडला की नुसता फुस्स आवाज. शेवटी दुकानातून बाटल्यांचं पाणी आणून कलश भरला.

चाळीत रत्नाबाई राहते. माहेर मुरब्याचं, मासेवाल्यांच्या गावातलं, तेव्हा जिभेला धार आहे. अंगणवाडीत मदतनीस होती, दिग्विजयला लहानपणी हिनेच खिचडी भरवलेली. ती ओल्या हातांनी टाकीपाशी गेली, सूचना वाचली आणि खाली खडूने लिहिलं, "दुरुस्ती लय चांगली झाली हाय, रोज करा." अख्खं गाव वाचून गेलं.

दहाच्या सुमारास झुंबर माझ्या ओटीवर बसलेला असताना दिग्विजय आला. पांढऱ्या शर्टावर काळ्या रंगाचा एक ठिपका होता, त्याला माहीत नसावा. मागे कुंदन, चावी खांद्यावर. त्यांच्यामागे पदराला हात पुसत रत्नाबाई.

"काका, व्हॉल्व उलटा आहे हे सांगायला नको होतं का?" दिग्विजय म्हणाला.

"लिहिलं होतं की," झुंबर म्हणाला. "धा वर्षं लिहिलं होतं. तुमी रंग मारला."

कुंदन जमिनीकडे बघून हसला. रत्नाबाई म्हणाली, "दिग्या, तुला मी घास भरवत होते तेवा पन तू बघायचा नायस, नुसतं तोंड उघडायचास."

दिग्विजय पायरीवर बसला. आवाज उतरवला. "हे बघा काका, मला वाढवायचं नाही. नोटीस मागे घेतो, आत्ता, तात्यांच्या समोर. चावी तुमची. पुढच्या वर्षाचा कागदही करून देतो. ठरावाचंही बघू. फक्त एवढंच करा. फळ्यावर लिहा, दुरुस्ती पूर्ण झाली. तीन शब्द. गावात माझं हसं झालंय, तेवढं झाकलं जाईल."

आता खरं सांगा, यात कुणाचं काय जात होतं? चाळीला पाणी मिळणार, झुंबरला काम मिळणार. मी म्हटलं, "झुंबर, लिहून टाक बाबा. सकाळची सूचना आपोआप निकाली निघेल."

झुंबरने माझ्याकडे बघितलं. मग कुंदनच्या खांद्यावरची चावी हातात घेतली, तिचं टोक अंगठ्याने पुसलं, आणि मला वाटलं मिटलं. त्याने ती उचलून दिग्विजयच्या पायाशी, पायरीला टेकवून उभी केली. बोलला तो अगदी शांतपणे, पाण्याची वेळ सांगावी तसा. मी तेव्हाच अर्जाच्या कागदावर उतरून घेतलं. तोच त्याचा खुलासा म्हणून त्याने खाली सही केली आणि पंचायतीत देऊन पोचेचा शिक्का घेतला. शब्द असे होते:

"दुरुस्ती झाली नाय, कारन काय मोडलंच नव्हतं. म्या उद्या फळ्यावर लिहिनार ते असं: काल टाकी चाळीत गेली, चूक उलट्या व्हॉल्वची. आजपासून चाळ चौदा आटे, ठराव झाल्यावर सगळे अकरा, टॉवर धरून. फळा उपसरपंचांनी रंगवून दिला, त्यांचे आभार. ह्यातलं एक अक्षर पुसायचं आसंल तर ही चावी तुमीच ठेवा भाऊ, अन् उद्या सहाला खड्ड्यात उतरा. कुठल्या बाजूला फिरवायची ते रत्नाबाईला इचारा."