बाकड्याचं डावं टोक

आमच्या चामडे कारखान्याच्या मैदानावर एक लांब बाकडं आहे. क्लबाचे जुने खेळाडू तिथे फुकट बसतात, सूर्यफुलाच्या बिया फोडतात आणि रेफरीच्या खानदानाची चौकशी करतात. बसायचा नियम एकच: मैदानात जिथे खेळलात, बाकड्यावरही तिथेच बसायचं. गोलकीपर मधोमध, डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. एखादा मेला तर त्याची जागा रिकामी राहते, कोणी सरकत नाही. आमच्या वाराद शहरातले राजे गेले, पक्ष गेला, पुतळे गेले, रस्त्यांची नावं इतक्यांदा बदलली की पोस्टमन घरं वासावरून ओळखतो. बाकड्याचा नियम मात्र कोणाच्या बापाला बदलता आला नाही.

त्या बाकड्याचं डावं टोक देझो शर्कादीला हवं होतं. बाकी काही नको होतं.

देझो जन्मला तेव्हा वाराद रुमानियात होतं. एकोणीस वर्षांचा असताना एका सकाळी उठला, तर हंगेरीत. घर तेच, कोंबड्या त्याच, डावा पाय तोच. उंबरा न ओलांडता हा माणूस दोन देशांकडून खेळला, आणि दोन्ही देशांनी त्याला दुसऱ्याचा हेर म्हटलं. चव्वेचाळीस साली त्याला युद्धाच्या आघाडीवर जायचा हुकूम आला. देझो निघाला, फक्त उलट्या दिशेने. इटलीत निर्वासितांच्या छावणीच्या संघात पावावर खेळला, बोगोटात पगारावर, शेवटी टोरंटोत बांधकामाच्या मजुरांबरोबर. बोगोटात त्याला जर्मन म्हणत, टोरंटोत काहीच म्हणत नसत. गोल मारला की तो सगळ्यांचा, चुकला की मेला परदेशी.

सत्तरीचा होऊन तो परत आला आणि आमच्या इमारतीत, मेलेल्या बहिणीच्या खोलीत राहू लागला. नगरपालिकेने लगेच सत्कार ठेवला. ज्या साहेबाने त्याला ‘वारादचा सुपुत्र’ म्हटलं, तोच साहेब दोन वर्षांपूर्वी अशांना पळपुटे म्हणून भाषणं ठोकायचा. कोट तोच होता, बिल्ला तेवढा काढला होता. भोक दिसत होतं. मी आमच्या इमारतीच्या समितीची बाई; ते सभेतच बोलून दाखवलं, तर मला बाहेर काढलं. देझोकाका हार घेऊन माझ्या मागोमाग बाहेर आले.

“काय मिळतं गं पोरी तुला भांडून?”

“तुम्हाला काय मिळालं पळून?”

“पाच देशांचे बूट,” ते हसले. “पण इथे सोडून गेलो तसे कुठे नाही मिळाले. आपल्या कारखान्याचं चामडं, तळव्याला लाकडी खुंट्या. लोखंडाचा खिळा औषधालाही नाही.”

रविवारी मी त्यांना मैदानावर घेऊन गेले. डाव्या टोकाला वेन्सेल बसला होता. देझो पळाला तेव्हा राखीव असलेला वेन्सेल त्याच्या जागी उतरला, आणि पुढे कायमचा तिथलाच झाला. मधोमध पामफिल, गोलकीपर. तो रुमानियन, पण हंगेरियन शिव्या आमच्याहून शुद्ध देतो.

देझोकाकांनी टोपी काढली. “बसू का?”

“कुठे?” पामफिलने विचारलं.

“माझ्या जागेवर.”

“तुझी जागा गिरणीवाल्यांशी मॅच होती त्या रविवारी होती. तेव्हा कुठे होतास?”

“मालगाडीत. कोळशाखाली.”

“हुकूम कधी आला होता?”

“शुक्रवारी.”

“मग सोमवारी पळायचं होतंस.”

माझं डोकं फिरलं. “पामफिलकाका, सापडले असते तर भिंतीला उभं करून गोळी घातली असती.”

“बाई, तुमची समिती तुमच्याजवळ ठेवा. शनिवारी लपायचं, रविवारी खेळायचं. चालू मॅचमध्ये कोण गोळी घालतंय? पोलीसही आपल्याच बाजूचे होते.”

बाकड्याने माना डोलावल्या. इथे तीन सरकारांनी देझोला माफ केलं होतं आणि हे म्हातारं टोळकं एका रविवारचा हिशेब मागत होतं.

“किती झालं होतं?” देझोकाकांनी विचारलं. “भेटेल त्या वारादवाल्याला विचारलं. कोणाला ठाऊक नव्हतं.”

सगळे बियांकडे बघू लागले.

“एक-शून्य. हरलो,” पामफिल म्हणाला. “तू नव्हतास म्हणून.”

“एकही चान्स नाही मिळाला?”

“मिळाला. शेवटी शेवटी. त्यांचा कीपर चिखलात आडवा, गोल उघडा.”

“मग?”

कोणी वेन्सेलकडे बघेना. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं तो पराभव देझोच्या नावावर होता, कारण देझो लांब होता. लांबच्या माणसाला दोष देणं सोपं. आमच्या प्रत्येक सरकारने तेच केलं. आता तो जवळ येऊन बसला, तर दोष कोणाला द्यायचा?

“मी मारला,” वेन्सेल खाली बघत म्हणाला. “बाहेर गेला. तुझेच बूट होते पायात.”

“कुठल्या पायाने?”

“डाव्या.”

देझोकाका कपाळावर हात मारून म्हणाले, “मग दुसरं काय होणार. त्या डाव्या बुटात अंगठ्याखाली खिळा वर आला होता. मला माहीत होतं, म्हणून मी बाहेरच्या कडेने मारायचो. तुला सांगायचं राहून गेलं. आठवलं तेव्हा गाडी सुटली होती.”

वेन्सेलने स्वतःच्या डाव्या पायाकडे बराच वेळ पाहिलं.

“टोचलं होतं,” तो हळूच म्हणाला. “मी घरी सांगितलंही होतं, काहीतरी टोचलं म्हणून.”

नगरपालिकेत मला कोणी गप्प करू शकलेलं नाही. त्या दिवशी लाकडी खुंट्यांचं ओठावर आलं, तशा मी मूठभर बिया तोंडात कोंबल्या.

“खिळ्याचं आधी सांगायला पाहिजे होतं,” पामफिलने निकाल दिला.

“हो. चूक माझीच.”

वेन्सेल वीतभर आत सरकला. त्या बाकड्यावर कोणी सरकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. देझोकाका टोकावर बसले, अर्धे बाकड्यावर, अर्धे हवेत. वेन्सेलने बियांचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

“तरीपण,” तो म्हणाला, “सोमवारी पळाला असतास, तर सांगता आलं असतं.”