गुलाबाच्या घरातली कुप्पी

नांदेडच्या मुन्सफ कोर्टात रेणुकादास कंधारकर पेशकार होते. साहेबांपुढे खटल्यांच्या मिसली ठेवायच्या, उर्दूतले कागद वाचून दाखवायचे, पक्षकारांना पुकारा करवायचा, हे त्यांचे रोजचे काम. पण निजामाच्या राज्यात पेशकार गावोगाव होते. रेणुकादासांना लोक ओळखत ते त्यांच्या नाकामुळे.

त्यांच्या बैठकीत शिसवीची एक पेटी असे. आत लाल मखमलीची घरे केलेली, आणि प्रत्येक घरात पैलूदार काचेची एकसारखी कुप्पी. एकाही कुप्पीवर चिठ्ठी नव्हती. कुणी विचारले तर म्हणत, "आपल्या लेकराच्या गळ्यात कुणी नावाची पाटी बांधतं का?" कुप्पीचे बूच नुसते सैल केले की त्यांना कळे, हा खस, हा हिना, हा मोतिया. एखाद्या थंडीत शेरवानीच्या गळपट्टीला लावलेला हिना होळीपर्यंत टिके, तो त्यांच्याच हातचा.

कुणाच्या घरी काही निघाले की माणसे त्यांच्या ओसरीवर येत. मुलगी पाहायला जायचे आहे, ईदेला साहेबांच्या घरी जायचे आहे, बदलीच्या अर्जासाठी हैदराबाद गाठायचे आहे, तर अंगाला काय लावावे? रेणुकादास आधी त्या माणसाला नीट न्याहाळत. घाम फार येतो का, कपडा सुती की लोकरी, बोलताना जवळ सरकायची खोड आहे का, हे बघत. मग सांगत. उन्हाळ्यात कचेरीत जाणाऱ्याला खस, थंडीत शमामा. वरिष्ठापुढे जायचे तर त्याच्या अत्तरापेक्षा आपले अत्तर मोठ्याने बोलता कामा नये. मुलगी पाहायला जाणाऱ्याने इतके हलके लावावे की तो उठून गेल्यावर मुलीच्या बापाला आठवण व्हावी. आणि लावून झाले की मनगटावर मनगट घासू नये, त्याने अत्तर जागच्या जागी मरते.

एकदा हिमायतनगरकडचे किशनराव पाटील धोतराचा सोगा सावरत आले. "पेशकारसाहेब, उद्या साक्ष हाय माझी. कोणतं लावून यावं?" रेणुकादासांनी पेटी उघडलीच नाही. साक्षीला काही लावू नये म्हणाले. खरे बोलणाऱ्याला घाम आला तरी चालतो. पाटील जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग थोडं तरी लावाच."

पेटीतल्या कडेच्या घरात एक कुप्पी अशी होती की ती कुणाला लावत नसत. गुलाब, चंदन आणि काफूर यांचे ते मिश्रण, मय्यतीला सगळीकडे वापरतात तसे. मोहल्ल्यात कुणा मुसलमानाच्या घरी मय्यत झाली की कफनाला लावायला रेणुकादास ती कुप्पी घेऊन स्वतः जात. शेजारचे त्यांचे दोस्त गेले तेव्हापासूनचा हा रिवाज. त्या घरांतून त्याची आठवण ठेवली जाई. काफूर देवापुढेही जळतो, पण या मिश्रणाचा वास ज्याने एकदा जनाज्याला खांदा देताना घेतला, त्याला तो आयुष्यभर दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि रेणुकादासांना ताप भरला. सर्दीने डोके जड झाले, कान बंद झाले. ताप उतरला, कान उघडले. पहिल्यांदा उठून बसले तेव्हा सवयीने त्यांनी पेटी जवळ ओढली आणि हिन्याची कुप्पी नाकाशी नेली. नुसते तेल. सर्दी उरली असेल म्हणून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग केवडा पाहिला, मोतिया पाहिला, जोराने श्वास ओढून पाहिला. काच नाकाला गार लागायची, बाकी काही नाही.

कुणाला सांगावे? वैद्यांना सांगितले तर ओसरीवर चर्चा होणार. त्यांनी कुणालाच सांगितले नाही. कुप्प्यांची घरे हाताला पाठ होती. हिना जाड आणि तांबडा, खस हिरवट, हे डोळ्यांना कळत होते. माणसे येत राहिली, आणि रेणुकादास बूच सैल करून, डोळे मिटून, पूर्वीसारखेच मान डोलावत राहिले.

हे कळले ते एकट्या त्यांच्या पत्नीला, इंदूबाईंना. दूध उतू जाऊन चुलीत जळत होते, घरभर करपट वास झाला होता, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेले रेणुकादास शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. भांड्यात लाकडाची काडी पडली तरी ज्याला वासावरून कळायची, तो माणूस. इंदूबाईंनी दूध उतरवले आणि पदराने हात पुसले. त्या दिवसापासून रेणुकादास कचेरीला निघाले की त्या दाराशी येत. "आज शमामा जरा जास्त झाला," म्हणत, किंवा "बेताचा आहे." याआधी पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी अत्तरावर कधी मत दिले नव्हते. रेणुकादास समजले की तिला समजले आहे. पण या गोष्टीचे नाव दोघांनीही काढले नाही.

त्यातच त्यांच्या मुलीचे, सौदामिनीचे, लग्न ठरले. स्थळ लातूरचे. मुलगा उद्धव शाळेत मास्तर, वडील अनंतराव मुरुडकर लातूरला वकील. माणूस शांत, सभ्य. मागणे काहीच नव्हते. बोलणी संपताना मात्र अनंतराव हसत म्हणाले, "आमच्या लोकांची एक हौस आहे. सीमांतपूजनाला अत्तर पेशकारसाहेबांच्या हातचं लागलं पाहिजे. लातूरला जाऊन सांगता आलं पाहिजे."

रेणुकादासांनी हात जोडले. तेव्हाच सांगून टाकायला हवे होते. शब्द ओठावर आलेही. पण समोर सौदामिनी चहाचे कप आवरत होती, आणि व्याह्यांचे बोलणे ऐकून तिच्या चेहऱ्यावर बापाविषयी असा काही अभिमान आला होता की त्यांनी तो शब्द गिळला.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सीमांतपूजनाच्या सकाळीच, इंदूबाईंनी दार लोटून पेटी उघडली. एकेक कुप्पी स्वतः हुंगली. गुलाब गुलाबाच्या घरात होता, कडेची कुप्पी कडेला होती. "सगळं जागेवर आहे," एवढेच म्हणाल्या. "संध्याकाळी मी जवळच उभी राहीन."

दुपारी घर पाहुण्यांनी भरले. हळद लागलेली सौदामिनी बैठकीत आली. उद्यापासून हे घर आपले नाही हे मनात, आणि समोर अण्णांची पेटी. कुप्प्यांवर धूळ बसलेली दिसली. तिने रिठ्याच्या पाण्याने एकेक कुप्पी धुतली, मऊ फडक्याने लखलखीत केली, मखमल झटकली आणि कुप्प्या परत ठेवल्या. रंगीत एका बाजूला, पांढऱ्या शेजारीशेजारी, दिसायला सुंदर. कुठली कुप्पी कुठल्या घरात हे तिने पाहिले नाही. पाहायचे कशाला? तिच्या जाणत्या वयात अण्णांनी कधी जागा पाहून कुप्पी उचललीच नव्हती. ही गंमत त्यांना संध्याकाळी दिसावी म्हणून ती कुणाला बोलली नाही.

दिवेलागणीला लातूरच्या मोटारी आल्या. मांडवात गॅसबत्त्या फुरफुरत होत्या. वराचे पाय धुऊन झाले, आणि इंदूबाई वरमाईची ओटी भरायला बायकांच्या घोळक्यात ओढल्या गेल्या. इकडे कुणीतरी म्हणाले, अत्तर येऊ द्या. रेणुकादासांनी इंदूबाईंकडे पाहिले. त्या मान उंचावून बघत होत्या, पण मध्ये माणसेच माणसे. पेटी उघडली तेव्हा काच बत्तीच्या उजेडात चमकली. कुणी पुसले असावे, एवढे त्यांच्या मनात आले. गुलाबाच्या घरातली कुप्पी त्यांनी उचलली. तेल पांढरे होते, गुलाबाचे अत्तर पांढरेच असते.

पहिला मान अनंतरावांचा. रेणुकादासांनी त्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तराची काडी ओढली. मग त्यांच्या वडील बहिणीच्या, धोंडाबाईंच्या. मग उद्धवकडे वळले. तेवढ्यात अनंतरावांनी त्यांचे मनगट धरले.

चेहरा बदललेला रेणुकादासांना दिसला. कशाने, ते कळेना.

"पेशकारसाहेब, हे कोणतं?" अनंतरावांनी हळूच विचारले.

"गुलाब. खास ठेवणीतला."

"एकदा बघून सांगा."

रेणुकादासांनी कुप्पी नाकाशी नेली, डोळे मिटले, नेहमीसारखी मान डोलावली. "गुलाबच."

अनंतरावांच्या मागून इंदूबाई कशाबशा वाट काढत आल्या होत्या. वास त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी हातातले तबक तिथेच खाली ठेवले. रेणुकादासांनी डोळे उघडले तेव्हा समोर इंदूबाईंचा चेहरा होता, आणि कुप्पी चुकली हे त्यांना त्यावरून कळले.

अनंतराव अजून हळूच बोलत होते. गेल्या महिन्यात त्यांच्या बरोबरीचे वकील वारले होते, लातूरचे, जिवाभावाचे. त्यांच्या जनाज्याला खांदा देताना हा वास खांद्यावर आला होता, तो अंगरखा धुतला तरी गेला नव्हता. "हे मय्यतीचं आहे, पेशकारसाहेब."

हा शब्द मांडवात पसरायला वेळ लागला नाही. धोंडाबाई हात पदराला पुसू लागल्या. पुसून जाणारे ते अत्तर नव्हते. "ज्याच्या नाकाची सारं नांदेड साक्ष काढतं, तो चुकला म्हणे," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं, दोनदा गुलाब म्हणाला. अनंता, ही चूक नव्हे. याच्या मनात हे लग्न नाही. मोटारी वळव."

कधी चुकला नाही म्हणून ज्याची ख्याती, त्याची चूक कोण मानणार? रेणुकादासांनी पेटीकडे पाहिले. कडेची कुप्पी गुलाबाच्या घरात आली होती हे आता त्यांना उमगले, आणि घासूनपुसून ठेवलेल्या काचा पाहून हात कुणाचा हेही उमगले. आतल्या दाराआड हळदीची साडी दिसत होती. पोरीने कुप्प्या हलवल्या, एवढे म्हटले असते तर निम्मा दोष उतरला असता. पण ती साडी उद्या याच माणसांच्या घरी जायची होती.

"मला वास येत नाही," रेणुकादास म्हणाले.

कुणाला नीट ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले. दिवाळीच्या तापापासून कशाचाच वास येत नाही. आजारपणात माझ्याच हातून कुप्प्यांची अदलाबदल झाली असेल. लपवले, हा माझा गुन्हा. मुलीला यातले काही ठाऊक नाही.

"आता हे बरं सुचलं," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांनी कोठीतून हिंगाचा खडा मागवला आणि पेशकारांना डोळे मिटायला सांगितले. साऱ्या वऱ्हाडासमोर, फेटा बांधलेला तो माणूस डोळे मिटून उभा राहिला. धोंडाबाईंनी हिंग त्यांच्या नाकाशी धरला. जवळ उभ्या असलेल्यांनी तोंडे फिरवली, इतका तो उग्र होता. रेणुकादास तसेच उभे. थोडी वाट पाहून त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारले,

"आणला का अक्का, हिंग?"

धोंडाबाईंचा हात खाली आला. त्या खडा मुठीत धरून बाजेवर जाऊन बसल्या. अनंतरावांनी रेणुकादासांच्या हातातली कुप्पी घेतली, इंदूबाईंना दिली आणि म्हणाले, "वहिनी, गुलाब तुम्ही काढून द्या." मोटारी वळल्या नाहीत.

लग्न लागले. जेवणावळी झाल्या. माणसे रेणुकादासांशी फार सांभाळून बोलत होती, आणि तेच त्यांना सोसवत नव्हते. ओसरीवर बसून चुलत्या-मामांनी आपापल्या मनगटांचा वास घेऊन पाहिला. थंडीभर पेशकारांनी आपल्याला नक्की काय लावले, असा हिशेब त्यांच्या चेहऱ्यांवर होता.

निघायच्या वेळी सौदामिनी पाया पडायला आली. रात्रभरात तिलाही सारे जुळले होते. डोळे सुजले होते. "अण्णा, त्या कुप्प्या मी..."

रेणुकादासांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला थांबवले. मग ते वाकले. ती पाळण्यात होती तेव्हापासून कचेरीतून आल्यावर ते तिची टाळू हुंगायचे. मोठी झाल्यावरही, परीक्षेला जाताना, तापातून उठल्यावर, त्यांचा आशीर्वाद तसाच असे. तोंडाने ते कधी फारसे बोलले नाहीत. आता त्यांनी तिच्या भांगावर नाक टेकवले आणि श्वास ओढला. पुन्हा ओढला. केस नाकाला मऊ लागले. मुंडावळीचा मोती गालाला टोचला.

ते जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. वऱ्हाडी म्हणाले, बापाचा जीव आहे. सौदामिनीला मात्र तो परत परत ओढलेला श्वास कळत होता. ती हलली नाही. त्यांना मिळेल तोवर उभे राहावे, अशी उभी राहिली.

मोटारी लोह्याच्या रस्त्याला लागल्या. धूळ खाली बसेपर्यंत दोघे दारात होती.

"कसला वास येत होता गं तिला?" रेणुकादासांनी विचारले.

इंदूबाईंनी आठवून पाहिले. खोटे सांगवेना. "हळदीचा," त्या म्हणाल्या. "आणि थोडा रिठ्याचा."

रेणुकादासांनी मान डोलावली, आणि दोघे आत गेली.