दस्तगीरभाईंचे थंडीचे कपडे

दस्तगीरभाई साताऱ्याला लेकीकडे राहायला गेलेत, असं मी महिनाभर लोकांना सांगत होतो. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्या लेकीचा, रुक्सानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले. तळेगावच्या दवाखान्यात," एवढंच ती म्हणाली. मी बावळटासारखं विचारलं, अगं पण ते साताऱ्याहून तळेगावला कधी आले? तिने सांगितलं की अब्बा साताऱ्याला आलेच नव्हते, तीच इकडे येऊन राहिली होती. दुःख व्हायच्या आधी मला राग आला, आणि आज सहा आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये असं कुणाला वाटलं, तर खुशाल वाटू द्या.

लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी शाळेत गणित शिकवायचो. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी व्यायामाचा लकडा लावला, आणि रोज सकाळी भुशी धरणापर्यंत पळत जाणारा माझ्या ओळखीत हा एकच माणूस होता. म्हणून एका डिसेंबरात मी त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. अंगात सुती बनियन, जाड शर्ट, वर बायकोने विणलेला स्वेटर, गळ्यात मफलर आणि डोक्याला कानटोपी. दस्तगीरभाईंच्या अंगावर एक पातळ बंडी आणि स्वतः शिवलेलं विंडचीटर, बस्स. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काहीही न बोलता पळायला लागले. चढावर मी आतून उकडून निघालो. स्वेटर काढला तर तो ठेवायचा कुठे हे कळेना. धरणावर पोचलो तर असा वारा सुटलेला, की घामाने भिजलेला शर्ट अंगाला बर्फासारखा चिकटला. आठ दिवस अंथरुणात होतो. नवव्या दिवशी ते घरी आले, खिशातून टेप काढली आणि माझं माप घेऊ लागले.

"सर, निघताना थंडी वाजली पाहिजे," ते म्हणाले. "दारातच ऊब वाटली म्हंजे कपडं जास्त झालं."

मग हे आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. सांगून तुमाला पटलं नसतं, असं म्हणून ते हसले आणि मीही हसलो. आता वाटतं, तेव्हाच या माणसाला ओळखायला हवं होतं.

त्यानंतरचे आठ हिवाळे मी त्यांनी शिवलेलेच कपडे घालून पळालो. गावातल्या संघांच्या जर्सी ते शिवायचे, त्यातून उरलेल्या कापडाची बंडी अंगालगत, कारण ते कापड घाम धरून ठेवत नाही. धुकं दाट असेल तरच तिच्यावर बिनबाह्यांचं लोकरी जाकीट. सगळ्यात वर विंडचीटर, त्याची छाती दुपदरी आणि पाठ एकपदरी. वारा समोरून येतो आणि घामाला मागून वाट मिळते, हे त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं होतं. जर्सीच्या जुन्या बाहीची कानपट्टी. हातमोजे म्हणजे पायमोजेच. आज काय घालायचं हे मोबाइलवरचं तापमान बघून ते कधी ठरवत नसत. दुकानाच्या दगडी पायरीवर अनवाणी उभं राहून ठरवायचे. तळपायाला कळलं की आत जाऊन कपडे बदलून यायचे, आणि मी बाहेर कुडकुडत उभा. आठ वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही, आणि आठ वर्षांत मी एकदाही त्यांच्याआधी धरणावर पोचलो नाही.

गेल्या हिवाळ्यात दोन्ही गोष्टी एकदम घडल्या. दिवाळीनंतर ते विंडचीटरखाली लोकरी जाकीट रोजच घालू लागले. मग आणखी एक शर्ट आला, मग मफलरही आला. मी त्यांना म्हातारबा म्हणून चिडवायला सुरुवात केली. तुमचाच नियम तुम्ही मोडताय, असं म्हटलं तर "वय झालं की सर," एवढंच उत्तर. आणि त्याच आठवड्यात भुशीच्या चढावर मी त्यांच्या पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर ते बरेच खाली होते. मला इतका आनंद झाला, की सांगायला आता लाज वाटते. बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली. पेढेही वाटले. दस्तगीरभाईंनी पेढा घेतला आणि घरी जाऊन खातो म्हणून खिशात ठेवला. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना "सर लय तयार झालेत आता," असं सांगून त्यांनी माझा हातसुद्धा उंचावला. पुढे दोन महिने मी रोज जिंकत होतो. धरणावर त्यांची वाट बघायचो, ते धापा टाकत पोचले की त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारायचो आणि म्हणायचो, या म्हातारबा. जानेवारी संपता संपता साताऱ्याचं सांगून ते दिसेनासे झाले.

मागच्या आठवड्यात रुक्सानाने मला दुकानात बोलावलं. ती तिथलं सामान आवरत होती. तिने ते विंडचीटर माझ्या हातात दिलं आणि मी चपापलो, कारण त्याला वजन होतं. आतलं अस्तर एका बाजूने उसवलेलं होतं. खांद्यांवर, छातीवर आणि पाठीवर गोधडीत भरतात तसा कापूस भरून, वरून बारीक टाके घातलेले. पोटाचा कॅन्सर दिवाळीतच कळला होता. अंग झडत गेलं तसतसा दर पंधरा दिवसांनी ते बसून आणखी थोडा कापूस भरायचे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी रोज ज्या पाठीवर थाप मारत होतो, तिथे कापूस होता.

मी त्या पोरीवर चिडलो. तिचा काही दोष नसताना चिडलो. एवढा नाटकीपणा कशासाठी, मी कुणी परका होतो का, असं बरंच काही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी पण लय भांडले त्यांच्याशी. सांगा म्हटलं काकांना. तर म्हणाले, सरांना कळलं की ते माज्यासंगं चालायला लागतील. मला त्यांना पळताना बघायचंय."

घरी आलो आणि पुन्हा राग उफाळला. आजार त्यांचा होता, तो कुणाला सांगायचा हे त्यांनी ठरवावं, इथपर्यंत मला मान्य आहे. पण मी काय केलं असतं हेही त्यांनीच ठरवून टाकलं, आणि त्याबद्दल मी त्यांना माफ करू शकत नाही. त्यांनी बरोबर ओळखलं होतं, म्हणून तर जास्तच नाही.

परवा सकाळी पळायचे कपडे घातले नाहीत. साधा सदरा घातला, वर शाल घेतली आणि बाजारातून धरणापर्यंत चालत गेलो. त्यांना शेवटी शेवटी जमलं असतं तितक्या सावकाश, मधे दोनदा कठड्यावर बसत. दीड तास लागला. पळताना दम लागतो म्हणून इतक्या वर्षांत आम्ही वाटेत कधी बोललोच नव्हतो. जे काही बोलणं व्हायचं ते कपड्यांबद्दल, निघायच्या आधी, पायरीवर. दीड तास... रोज दीड तास, दिवाळीपासून जानेवारीपर्यंत. एवढं बोलता आलं असतं, दस्तगीरभाई.