व्यंकोजीरावांच्या चौकटी

तंजावरचं राज्य खालसा झालं आणि व्यंकोजीरावांच्या वडिलांची दरबारातली कारकुनी गेली. मुलगा पुढे कुंभकोणात मराठीचा मास्तर झाला. मी त्याच शाळेत गणित शिकवत असे. खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मला हा माणूस निव्वळ रिकामटेकडा वाटला. शाळा सुटली की हे आपले तंजावरी मराठीचे शब्द गोळा करत बसलेले.

मग त्यांची रीत पाहिली आणि माझा तोरा उतरला. सारखे वाटणारे शब्द ते एकाखाली एक मांडत: चिरणं, कातरणं, खुडणं, फोडणं. पुढे रकाने. हत्यार लागतं का? नुसत्या हातानं जमतं का? वस्तू मऊ की टणक? एका तरी रकान्यात फरक पडला, तरच शब्द वेगळा.

घराबाहेर आम्ही पुरुष तमिळच बोलणार. घरचे शब्द उरले बायकांपाशी. परक्या घरच्या बायकांना मास्तर कसं विचारणार? म्हणून त्यांच्या पत्नी भागीरथीबाई बैलगाडीनं तिरुभुवनम् आणि चोळपुरम् फिरल्या. पहिल्या खेपेला हात हलवत परत आल्या. अर्थ विचारला की बायका तमिळ शब्द सांगून मोकळ्या होत.

"अर्थ पुसूं नकोस," व्यंकोजीराव म्हणाले. "हा शब्द कोठें चालत नाहीं, तें पूस."

मग बायका थांबेनात. उलट एकमेकींशी वाद घालू लागल्या.

वीस वर्षांनी बाड तयार झालं. ते छापायला पुण्याचे एक विद्वान आले. त्यांनी पानं चाळली. "कापणं एवढा एक शब्द पुरे. बाकीच्या ओळी गाळा, लगेच छापू."

व्यंकोजीरावांनी पानसुपारीचं तबक पुढे सरकवलं. "सुपारी खुडली, असें म्हणाल?"

"नाही."

"पान फोडलें?"

विद्वान हसले. "पटलं. पण पुस्तक फुगतं, व्यंकोजीराव. गाळल्याशिवाय छपाई नाही."

व्यंकोजीरावांची साठी उलटलेली, दृष्टी अधू झालेली. पुस्तक आता निघालं नाही तर त्यांच्या डोळ्यांदेखत कधीच निघणार नव्हतं. व्यंकोजीरावांनी बाड बांधलं आणि पाहुण्यांना नमस्कार केला.

मी भडकलो. हातातोंडाशी आलेला घास असा कोणी टाकतो का, म्हणून वाट्टेल तसं बोललो.

"गाळलेला शब्द कधीं नव्हताच, असें वाचणारा समजेल," ते म्हणाले. "मग ज्यांनीं सांगितला, त्या बायका खोट्या पडतील."

भागीरथीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बाडाची गाठ सोडून ते पुन्हा व्यंकोजीरावांपुढे ठेवलं. "उद्यां चोळपुरास जातें. तीन घरें राहिलीं."

एवढी माणसं मी पाहिली, पण त्या दोघांबद्दल वाटला तितका आदर मला दुसऱ्या कोणाबद्दल वाटला नाही.

चार वर्षांनी व्यंकोजीराव गेले. बाईंनी बाड माझ्या स्वाधीन केलं. मी व्यवहारी माणूस. छापून तरी निघू दे, म्हणून लाल शाई घेऊन ओळी गाळायला बसलो. आठवडाभर बसलो. एकही ओळ गाळता आली नाही.