प्रकृतीच्या कारणास्तव

पक्षाचं नाव मी सांगणार नाही. भीतीपोटी नाही, या वयात आता माझं कोण काय वाकडं करणार आहे! पण एका पक्षाचं नाव घेतलं की दुसऱ्या पक्षाचे लोक खूश होतात, आणि तेवढंही सुख त्यांना द्यायची माझी इच्छा नाही.

सत्तरच्या दशकात नागपुरात, सदर भागात, एका शिंप्याच्या दुकानावर आमच्या पक्षाचं शहर कार्यालय होतं. मी तिथला मराठी टायपिस्ट. पत्रकं, निवेदनं, शोकसंदेश, अभिनंदनाचे ठराव, सगळं माझ्याच मशीनमधून बाहेर पडायचं. माणूस मेला काय आणि मंत्री झाला काय, मजकुरात चार शब्दांचाच फरक असतो, हे मी तिथेच शिकलो.

महापालिकेत तेव्हा आमच्या पक्षाचं काठावरचं बहुमत होतं. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं की लोकांनी निवडलेले सदस्य सभागृहात बसतात, चर्चा करतात, मग मतदान होतं. प्रत्यक्षात सभेच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयात दार लावून बैठक व्हायची. तिला सगळे 'पार्टी मीटिंग' म्हणत. उद्या कोणत्या विषयाला हात वर करायचा आणि कोणत्या विषयाला तो मांडीवर ठेवायचा, हे तिथे सांगितलं जाई. सांगणारे शहराध्यक्ष. ते स्वतः आयुष्यात एकदाही निवडून आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सभागृहात टेबलं बडवून जी भाषणं व्हायची, ती गॅलरीतल्या लोकांसाठी असायची.

हात भलत्या वेळी वर जाऊ नये म्हणून एक कागदही होता. तिकीट देतानाच प्रत्येक उमेदवाराची राजीनाम्यावर सही घेऊन ठेवायची. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी माझ्या सदस्यपदाचा राजीनामा देत आहे.' खाली सही, वर तारखेची जागा कोरी. हे कागद अध्यक्षांच्या कपाटात कुलपात असत. त्यांना कार्यालयात कोणी राजीनामा म्हणत नसे, 'प्रकृती' म्हणत. 'अमक्याची प्रकृती आली का?' म्हणजे त्यानं सही करून दिली का. निवडून आलेला एखादा फार बोलायला लागला की अध्यक्ष हसत म्हणत, "प्रकृतीले जपा, भाऊ." तो गप्प बसे आणि बाकीचे हसत. मीही हसायचो, चांगला खदखदून हसायचो.

त्या निवडणुकीत सक्करदऱ्याकडच्या एका वॉर्डात पक्षानं एका निवृत्त नर्सबाईंना उभं केलं. पक्षावर त्यांचं प्रेम होतं असं नाही आणि पक्षाचंही त्यांच्यावर नव्हतं. पण त्या भागातल्या निम्म्या पोरांचा जन्म बाईंच्या हातून झालेला, त्यामुळे मतं हमखास होती. बाईंना एकच गोष्ट हवी होती. वॉर्डात एक मोकळी जागा प्रसूतिगृहासाठी राखून ठेवलेली होती, तिथे ते बांधून घ्यायचं.

सही करायला त्या माझ्या टेबलाशी आल्या. चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"भाऊ, माही तब्येत तं चांगली आहे. हे काहून लिहिलं इथं?"

"रीत आहे बाई," मी म्हणालो. "सगळेच देतात. करा सही."

"तुम्ही म्हणता तं करतो," त्या म्हणाल्या आणि एकेक अक्षर सुटं काढून त्यांनी सही केली.

बाई निवडून आल्या. दोन वर्षं त्या प्रत्येक सभेत प्रसूतिगृहाचा विषय काढत राहिल्या आणि तो दर वेळी पुढे ढकलला गेला. मग एका पार्टी मीटिंगमध्ये कळलं की त्या जागेवरचं आरक्षण उठवायचं आहे. तिथे मंगल कार्यालय होणार होतं, अध्यक्षांच्या मेव्हण्याचं. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसलो होतो. बाई उभ्या राहिल्या.

"लग्नं कुठंबी होतेत जी, बाळंतपण कुठंबी नाही होत. मागच्या पावसाळ्यात एका पोरीले रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो होतो. रस्त्यातच गेली. लेकरूबी गेलं."

"बाई, पक्षाचा निर्णय झाला आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पक्ष म्हणजे कोण? तुम्हीच ना?"

खोलीत चाळीसेक माणसं होती, अध्यक्ष आणि मी सोडून सगळी जनतेनं निवडून दिलेली. त्यातले दोघं बाईंच्याच हातून जन्मलेले होते. सगळे पायाखालची सतरंजी पाहत बसले. मला त्यांची किळस आली, आणि मी टिपणात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

दुसऱ्या दिवशी सभागृहात बाईंनी विरोधात हात वर केला. त्या एका हातानं आणखी तिघांना काय झालं कोण जाणे, त्यांचे हात मांडीवरच राहिले. प्रस्ताव पडला. अध्यक्ष कार्यालयात आले, पंखा लावला, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "बाईची प्रकृती काढा."

पुढचं मी केलं, दुसऱ्या कोणी नाही. मशीनमधून एकदा काढलेला कागद पुन्हा नेमक्या त्याच ओळीवर बसवणं फार कठीण असतं, अक्षर थोडं वर नाहीतर खाली जातंच. मी कोऱ्या कागदांवर चार वेळा सराव केला. दोन वर्षांत मजकुराची शाई फिकी झाली होती, म्हणून नवी रिबन काढून जुनी झिजलेली लावली. तारीख अशी बेमालूम बसली की अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

बाईंनी तक्रार केली की हा राजीनामा आपण दिलेलाच नाही, निवडणुकीआधी कोऱ्या तारखेवर सही घेतली होती. चौकशी लागली. साक्षीला मी एकटाच. आदल्या दिवशी बाई शिंप्याच्या दुकानापाशी माझी वाट पाहत उभ्या होत्या. माझ्यावर रागावल्याही नाहीत.

"भाऊ, तुम्ही फक्त जे झालं तेच सांगा. मले खुर्ची नाही पाहिजे, पण मी गेली तं जागाबी जाते."

मी "हो बाई" म्हणालो.

चौकशीच्या खोलीत अधिकारी, बाई आणि मी. अध्यक्ष बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते, त्यांच्या चपलांचा आवाज आत येत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, हा कागद केव्हा टाइप केला?

"त्यावर तारीख आहे त्याच दिवशी," मी म्हणालो. "बाईंनी सांगितलं, मी टाइप केलं. माझ्यासमोर सही झाली."

अधिकाऱ्यांना संशय आला असावा. त्यांनी कागद उजेडात धरला, तेच पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. अजून एकदा विचारलं असतं तर कदाचित खरं बाहेर पडलं असतं. तेवढ्यात बाईच मध्ये बोलल्या.

"राहू द्या, साहेब. नका विचारू त्याइले. नोकरी आहे, लहान लहान लेकरं असतीन घरी."

मला लेकरं नव्हती. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी होकारार्थी मान हलवली.